इस्तिखाऱ्यात आपण नेमके काय मागतो?

किनारपट्टी (धागाकर्ती)

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. आमच्याच जिल्ह्यातल्या एका घरातून विचारणा आली होती, वडीलधाऱ्यांच्या तीन भेटी झाल्या होत्या आणि मुलामुलीचे आपसांतले बोलणेही झाले होते. चौथ्या भेटीच्या ऐवजी निरोप आला की, "आम्ही इस्तिखारा केला, तो चांगला आला नाही." इस्तिखारा म्हणजे एखादे काम करण्यापूर्वी नमाज पढून त्या कामाबाबत अल्लाहकडे केलेली दुआ, म्हणजे प्रार्थना. त्यापुढे बोलायला जागाच उरली नाही, कारण अल्लाहकडूनच नकार आला आहे असे सांगितल्यावर समोरच्याने विचारायचे तरी काय? अब्बांनी "जशी त्याची मर्जी" एवढेच म्हटले आणि विषय मिटवला. त्या रात्री बहिणीने मात्र मला विचारले, "माझ्यात काहीतरी वाईट आहे असे अल्लाहने त्यांना कळवले, असाच याचा अर्थ ना?" त्या क्षणी मला तिला उत्तर देता आले नाही. लहानपणापासून इस्तिखाऱ्याची दुआ मला पाठ होती, पण तिचा अर्थ मी शब्द सोडवून कधी पाहिलाच नव्हता. नंतरच्या काही महिन्यांत मी जे वाचले आणि जाणत्या माणसांना जे विचारले, ते येथे मांडते आहे. चुकत असेन तेथे जाणकारांनी सांगावे.

इस्तिखारा हा शब्द 'खैर' याच शब्दाच्या कुळातला आहे. खैर म्हणजे भले, आणि इस्तिखारा म्हणजे भले मागणे. या शब्दात विचारणे नाही, उत्तर मिळवणे नाही, भविष्य पाहणे तर नाहीच नाही. ही पहिलीच गोष्ट आपल्या बोलण्यात हरवते, कारण आपण "इस्तिखारा काढला", "इस्तिखारा आला", "इस्तिखारा नाही म्हणाला" अशी भाषा वापरतो, जणू तो निकाल लागण्याचा प्रकार आहे.

इस्तिखाऱ्याच्या नमाजेचा मूळ आधार म्हणजे पैगंबरांचे सोबती हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांच्या वचनाची वा कृतीची नोंद), जी सहीह बुखारी या हदीससंग्रहामध्ये आहे. ते सांगतात की, पैगंबर (स.) आम्हांला सर्व बाबतींत इस्तिखारा असा शिकवीत, जशी कुरआनातील एखादी सूरा शिकवीत. पैगंबरांचे सांगणे असे की, तुमच्यापैकी कोणी एखाद्या कामाचा इरादा करील तेव्हा त्याने फर्ज (सक्तीच्या) नमाजेखेरीज दोन रकात (आवर्तने) नमाज पढावी आणि मग ही दुआ करावी. दुआचा अर्थ मी माझ्या परीने असा लावला आहे:

"हे अल्लाह, तुझ्या ज्ञानाच्या आधारे मी तुझ्याकडे भले मागते, तुझ्या सामर्थ्याच्या आधारे सामर्थ्य मागते, आणि तुझ्या थोर कृपेतले मागते. कारण तू समर्थ आहेस, मी नाही. तू जाणतोस, मी जाणत नाही. आणि जे दृष्टीआड आहे ते सारे जाणणारा तूच आहेस. हे अल्लाह, हे काम माझा दीन (धर्म), माझा चरितार्थ आणि माझ्या कामाचा शेवट यांच्या दृष्टीने माझ्यासाठी चांगले आहे असे तुझ्या ज्ञानात असेल, तर ते माझ्या नशिबी कर, ते मला सोपे कर, आणि मग त्यात मला बरकत दे. आणि हे काम माझा दीन, माझा चरितार्थ आणि माझ्या कामाचा शेवट यांच्या दृष्टीने माझ्यासाठी वाईट आहे असे तुझ्या ज्ञानात असेल, तर ते माझ्यापासून वळव, मला त्याच्यापासून वळव, आणि भले जेथे कोठे असेल तेथून ते माझ्या वाट्याला आण, आणि मग मला त्यात समाधान दे."

दुआमध्ये 'हे काम' हे शब्द येतात तेथे स्वतःच्या कामाचे नाव घ्यायचे असते. आता या संपूर्ण दुआत "मला दाखव", "मला स्वप्न पाडव" किंवा "मला खूण दे" असा एकही शब्द शोधून सापडत नाही. मागणी एवढीच आहे की, चांगले असेल तर घडव आणि सोपे कर, वाईट असेल तर दोन्ही बाजूंनी वळव. 'दोन्ही बाजूंनी' हे मी मुद्दाम लिहिते आहे. 'ते माझ्यापासून वळव' एवढ्यावर दुआ थांबली असती, तर काम टळले असते पण मन त्यातच अडकून पडले असते. म्हणून लगेच 'मला त्याच्यापासून वळव' असेही मागितले आहे. आणि अगदी शेवटी, जे मिळेल त्यात समाधान मागितले आहे, कारण भले मिळूनही ते भले वाटेलच असे नाही.

माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला एका छोट्या अरबी शब्दात मिळाले. 'खैरुन ली' आणि 'शर्रुन ली' असे दुआत आहे. 'ली' म्हणजे 'माझ्यासाठी'. ते काम, ते घर, ती मुलगी चांगली की वाईट, हा प्रश्नच दुआ विचारत नाही. ज्याने दुआ केली त्याच्यासाठी ते योग्य आहे की नाही, एवढ्यापुरतीच ती बोलते. एखाद्यासाठी जे योग्य नाही ते दुसऱ्यासाठी अत्यंत उत्तम असू शकते. त्यामुळे इस्तिखाऱ्याच्या जोरावर कोणाही माणसाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, आणि तसा निष्कर्ष समोरच्याच्या मनात उतरेल असा निरोप पाठवणे तर मला फार मोठा अन्याय वाटतो. "आमचा विचार बदलला" असे म्हणण्याचा हक्क त्या घराला होताच. तेवढे म्हटले असते तर एक मुलगी सहा महिने आरशात स्वतःचे वैगुण्य शोधत बसली नसती.

आपापल्या घरांत इस्तिखारा कसा करतात, काय समजून करतात, हे वाचायला मला आवडेल.

वाटसरू

मी सिंधुदुर्गातला, हिंदू घरातला आहे. आपण इतके नीट लिहिले आहे म्हणून मनात आलेला प्रश्न संकोच न करता विचारतो. आमच्याकडे ग्रामदैवताला कौल लावतात. देवाच्या मूर्तीवर कळे किंवा तांदूळ लावायचे, गाऱ्हाणे घालायचे, आणि उजव्या बाजूचे आधी पडले की होकार, डाव्या बाजूचे पडले की नकार. लग्न, घर बांधणे, गावची जत्रा, अगदी दोन भावांतली वाटणीसुद्धा आमच्या आजोबांच्या काळी कौलाशिवाय ठरत नसे. इस्तिखारा हा त्याच जातीचा प्रकार आहे असे मी आजवर समजत होतो. आपल्या लिखाणावरून तो तसा नाही असे दिसते. मग फरक नेमका कोठे आहे?

किनारपट्टी (धागाकर्ती)

वाटसरू, प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे, आणि गंमत म्हणून नव्हे तर खरोखरच इस्लामपूर्व अरबस्तानात कौलासारखीच एक रीत होती हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर पुरे होत नाही. त्या रीतीत पिसे आणि पाते नसलेले बाण वापरीत, ज्यांना 'अजलाम' म्हणत. एकावर "माझ्या रबने (परमेश्वराने) हुकूम केला", दुसऱ्यावर "माझ्या रबने मनाई केली" असा अर्थ असे आणि तिसरा कोरा असे. कोरा निघाला की पुन्हा काढायचा. मक्केत काबामध्ये हुबल या मूर्तीजवळ असे सात बाण ठेवलेले असत. प्रवास, लग्न, वादातला निवाडा या सगळ्यासाठी ते काढले जात. कुरआनाच्या पाचव्या सूरेत या प्रकाराला दोनदा मनाई आहे. अनेक विद्वानांनी असे म्हटले आहे की, ही रीत बंद केल्यावर तिच्या जागी श्रद्धावंताला इस्तिखारा देण्यात आला.

बाणांबद्दलची एक हकिकत बुखारीमध्येच आहे, आणि ती मला फार बोलकी वाटते. सन 622 मध्ये पैगंबर (स.) मक्केहून मदिनेकडे निघाले, तेव्हा बक्षिसाच्या आशेने सुराका बिन मालिक त्यांच्या मागावर घोडा घेऊन निघाला. वाटेत घोडा अडखळून तो पडला, म्हणून त्याने भात्यातून बाण काढून कौल पाहिला. त्याला नको असलेलाच बाण निघाला. तरीही तो पुन्हा घोड्यावर बसला आणि पुढे गेला. म्हणजे बाणाने नकार दिला आणि माणसाने तो ऐकला नाही.

तर मला दिसणारा फरक असा. बाण किंवा कौल माणसाला उत्तर देतो आणि माणूस होता तसाच राहतो. इस्तिखाऱ्यात उत्तर मागितलेलेच नाही. तेथे माणूस स्वतःचे काम आणि स्वतःचे मन अशा दोन्ही गोष्टी अल्लाहच्या हाती देतो आणि मग आपल्या विचाराप्रमाणे पाऊल उचलतो. कौलाची श्रद्धा मी कमी लेखत नाही. मात्र आमच्यातलेच पुष्कळ लोक इस्तिखाऱ्याला कौल करून बसले आहेत, हे माझे दुखणे आहे.

शाईदौत

धागाकर्तीने जे मांडले आहे ते बहुतांशी बरोबर आहे. फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, अंगाने काही भर घालतो.

कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे आणि घाटावरचे, मराठवाड्यातले, खानदेशातले बहुतेक हनफी पंथाचे असल्यामुळे आपल्याकडे दोन्ही परंपरांतल्या समजुती एकमेकींत मिसळल्या आहेत. पांढरा किंवा हिरवा रंग स्वप्नात दिसला तर काम चांगले, काळा किंवा लाल दिसला तर वाईट, ही जी समजूत घराघरांत आहे, ती हदीसमधून आलेली नाही. दमास्कसचे प्रसिद्ध हनफी विद्वान इब्ने आबिदीन (मृत्यू 1836) यांनी ती आपल्या ग्रंथात नोंदवली आहे, पण नोंदवताना "बुजुर्गांकडून असे ऐकले आहे" या शब्दांत नोंदवली आहे. वुजू (नमाजेपूर्वी हात-पाय-तोंड धुणे) करून, किब्ल्याकडे (काबाच्या दिशेला) तोंड करून झोपावे, हेही तेथेच आहे. म्हणजे तो बुजुर्गांचा अनुभव झाला. त्याचा आदर करावा, पण त्याला पैगंबरांची शिकवण म्हणू नये.

शाफई विद्वान इमाम नववी (मृत्यू 1277) यांनी लिहिले आहे की, इस्तिखारा केल्यावर ज्या गोष्टीसाठी छाती मोकळी होईल, म्हणजे मन ज्याच्याकडे प्रसन्नतेने वळेल, ते करावे. यातही त्यांनी एक महत्त्वाची अट घातली आहे, ती अशी की, इस्तिखाऱ्यापूर्वीच ज्या गोष्टीची मनाला ओढ होती त्या ओढीला कौल समजू नये. आपली आवड आधी बाजूला ठेवावी, नाहीतर तो अल्लाहकडे केलेला इस्तिखारा न होता स्वतःच्या इच्छेकडे केलेला इस्तिखारा होतो. पहिल्या रकातीत सूरा काफिरून आणि दुसरीत सूरा इखलास पढावी, ही त्यांचीच सूचना आहे.

त्यांच्या थोडे आधीचे शाफई विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू 1262) यांचे मत आणखी मोकळे आहे. इस्तिखारा केल्यावर माणसाने जे जमेल ते करावे, जे घडेल त्यातच भले आहे, मन वळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, असे ते म्हणतात. सात वेळा इस्तिखारा करून मग मनात पहिले काय येते ते पाहावे, अशी एक हदीस सांगितली जाते. पण तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) इतकी कमजोर आहे की, बुखारीचे भाष्यकार इब्ने हजर (मृत्यू 1449) यांनी तिच्यावर विसंबू नये असे स्पष्ट म्हटले आहे. मला स्वतःला इज्जुद्दीन यांचे मत दुआच्या शब्दांशी अधिक जुळणारे वाटते.

धागाकर्तीने 'इरादा करील तेव्हा' असे भाषांतर केलेला मूळ शब्द 'हम्म' आहे, आणि त्यावरही भाष्यकारांत दोन मते आहेत. एक मत असे की, मनात विचार उगवतो न उगवतो तोच इस्तिखारा करावा, कारण विचार पक्का झाल्यावर आवड बळावते आणि मग दुसरी बाजू दिसेनाशी होते. दुसरे मत असे की, क्षणोक्षणी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक विचारासाठी नमाज कशी पढणार? म्हणून निश्चय ठरत आल्यावरच तो करावा. या दोन्ही मतांत तथ्य आहे. पण 'दोन स्थळे आली आहेत, कोणते निवडू ते सांग' असा कोरा प्रश्न घेऊन उभे राहणे हे दोन्हींपैकी कोणत्याच मतात बसत नाही. आधी चौकशी, मग जाणत्यांचा सल्ला, मग एका कामाचा विचार, आणि मग त्या कामासाठी इस्तिखारा, असा क्रम नववींनीही सांगितला आहे.

पेठकरी

आपल्या दोघांच्याही अभ्यासाचा मला आदर वाटतो, पण स्वप्नाला इतके बाजूला सारणे मला पटत नाही. सच्चे स्वप्न हा पैगंबरीच्या शेहेचाळीस भागांपैकी एक भाग आहे, हीदेखील सहीह हदीसच आहे. माझ्या आजीने आयुष्यात तीनदा इस्तिखारा केला, आणि तिन्ही वेळा तिला स्वप्न पडले. आजोबा मालेगावातला यंत्रमाग विकून दुसऱ्या गावी जाणार होते, तेव्हा तिला हिरव्या शेतात पाणी शिरताना दिसले आणि तिने जाऊ दिले नाही. तो माग पुढे आमच्या घराचा आधार झाला. शिकलेल्या माणसांनी "पुस्तकात नाही" असे म्हणून हे सारे पुसून टाकावे काय?

किनारपट्टी (धागाकर्ती)

पेठकरीसाहेब, आपल्या आजींचे स्वप्न पुसण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. स्वप्न पडूच शकत नाही असे मी म्हटलेले नाही. स्वप्न पडले आणि मनाला धीर आला, तर ती अल्लाहची कृपा समजावी. माझे म्हणणे त्या माणसांबद्दल आहे, ज्यांना स्वप्न पडत नाही. माझ्या आईने मोठ्या भावाला आखाती देशात पाठवण्याआधी अकरा रात्री इस्तिखारा केला, आणि रोज सकाळी घरातले प्रत्येक माणूस तिला "काय दिसले?" असे विचारीत असे. तिला काहीच दिसले नाही. अकराव्या दिवशी ती रडू लागली आणि म्हणाली, "माझी दुआ वर पोचतच नाही." तीस वर्षे पाच वेळची नमाज न चुकवलेल्या बाईच्या मनात असा विचार यावा, हे दुआने केलेले नाही, आपण दुआवर जे लादले आहे त्याने केले आहे. भाऊ शेवटी गेला, कारण व्हिसा वेळेवर आला, तिकिटाची सोय झाली आणि घरातल्या कर्जाचा विचार करता दुसरा मार्ग नव्हता. 'सोपे कर' असे मागितले होते आणि ते सोपे झाले होते. तेच तिचे उत्तर होते, पण ते उत्तर म्हणून आम्ही कोणी ओळखलेच नाही.

दिवसांच्या संख्येबद्दलही एक लिहायचे राहिले. तीन, सात, अकरा असा कोणताही आकडा जाबिर यांच्या हदीसमध्ये नाही. इस्तिखारा एकदा करता येतो आणि पुन्हापुन्हाही करता येतो. दुसरे खलीफा हजरत उमर यांनी पैगंबरांच्या सुन्नती (वचने आणि आचरण) लिहून काढाव्यात की नाही याबद्दल लोकांचा सल्ला घेतला, लिहाव्यात असाच सल्ला मिळाला, आणि तरीही त्यांनी महिनाभर इस्तिखारा केला व मग लिहायचे नाही असा निर्णय घेतला, अशी रिवायत (परंपरेने आलेले कथन) आहे. तेथेही स्वप्नाचा उल्लेख नाही. एक महिना विचार आणि दुआ एकत्र चालू होती, असेच दिसते.

गलबत

मी मुंबईचा आणि शिया अस्नाअशरी (बारा इमाम मानणाऱ्या) जमातीतला आहे. या धाग्यावर आतापर्यंत सुन्नी परंपरेबद्दलच लिहिले गेले, ते स्वाभाविक आहे, पण आमच्याकडे इस्तिखाऱ्याचे आणखीही प्रकार आहेत आणि त्यांचा उल्लेख येथे असावा असे वाटते.

दोन रकात नमाज आणि दुआ हा प्रकार आमच्याकडेही आहे, आणि आमच्या अनेक उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मते खरा इस्तिखारा तोच आहे. त्याशिवाय तसबीहवरचा (जपमाळेवरचा) इस्तिखारा असतो. त्यात दुरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना) पढून, डोळे मिटून तसबीहचे काही मणी मुठीत धरायचे आणि ते दोन-दोन करून सोडायचे. शेवटी एक उरला तर करावे, दोन उरले तर टाळावे. कुरआन उघडून पाहण्याचीही पद्धत आहे, आणि ती बहुधा आलिमांकडून करून घेतात, कारण समोर आलेल्या आयतीचा रोख समजायला ज्ञान लागते. तिसरा प्रकार सहा चिठ्ठ्यांचा, ज्याला 'जातुर्रिका' म्हणतात. तीन चिठ्ठ्यांवर "कर" आणि तीनांवर "करू नकोस" असे लिहून त्या मुसल्ल्याखाली (नमाजेच्या आसनाखाली) ठेवायच्या, नमाज पढायची, आणि मग एकेक काढायची. लागोपाठ तीन सारख्या निघाल्या तर निर्णय झाला. मिश्र निघाल्या तर पाचपर्यंत काढून बहुमत पाहायचे.

या चिठ्ठ्यांबद्दल आमच्यातही वाद झाला आहे. इब्ने इद्रीस हिल्ली यांनी या रिवायती कमजोर ठरवल्या, तर सय्यद इब्ने ताऊस (मृत्यू 1266) यांनी इस्तिखाऱ्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांचे समर्थन केले. वाटसरू यांना हे बाणांसारखे वाटेल, आणि तो आक्षेप जुनाच आहे. आमचे उत्तर असे की, येथे मूर्ती नाही, आधी नमाज आहे, दुआ आहे, आणि भविष्य विचारलेले नाही. मात्र एका बाबतीत आमचे आलिम धागाकर्तीच्याच बाजूचे आहेत. विचार करून झाला, माहितगारांना विचारून झाले, आणि तरीही मन दोन्हीकडे सारखेच ओढले जात असेल, तेव्हाच हा इस्तिखारा करायचा, असे ते बजावून सांगतात. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लगेच करायला हवी असे सांगितल्यावर तसबीह हातात घेणाऱ्या माझ्या एका नातेवाइकाला आमच्या मौलानांनी फोनवरच रागावून परत पाठवले होते.

मोगरा

मला एकच गोष्ट विचारायची आहे. माझ्या लग्नाच्या वेळी इस्तिखारा माझ्या आत्याने केला, माझ्या मावशीने केला, आणि अब्बांच्या ओळखीच्या एका मौलवींनीही केला. मला कोणी "तू कर" असे म्हटले नाही. मुलीने स्वतःच्या लग्नासाठी इस्तिखारा करणे बरे दिसत नाही, असेच आमच्या घरात समजतात. याला काही आधार आहे का?

शाईदौत

याला आधार नाही, उलट याच्या विरुद्ध मात्र थेट आधार आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात हजरत जैनब बिन्ते जहश यांची हकिकत आहे. पैगंबरांच्या वतीने हजरत जैद त्यांच्याकडे लग्नाची विचारणा घेऊन आले, तेव्हा त्या पीठ मळत होत्या. निरोप साक्षात पैगंबरांचा होता, तरी त्या म्हणाल्या की, माझ्या रबचा सल्ला घेतल्याशिवाय मी काहीच करणार नाही, आणि उठून आपल्या नमाजेच्या जागी उभ्या राहिल्या. याहून मोठे उदाहरण कोणते हवे? ज्या स्त्रीला विचारणा झाली तिने स्वतः इस्तिखारा करावा, हे इमाम नसाई यांनी आपल्या हदीससंग्रहात स्वतंत्र प्रकरण करून मांडले आहे.

जाबिर यांच्या हदीसचे शब्दही 'ज्याने इरादा केला त्याने पढावी' असेच आहेत. आत्या, मावशी यांनी आपल्यासाठी भल्याची दुआ जरूर करावी; कोणीही कोणासाठीही दुआ करू शकतो. पण 'माझा दीन, माझा चरितार्थ, माझ्या कामाचा शेवट' हे शब्द ज्याचे आयुष्य आहे त्याच्याच तोंडी शोभतात. आजकाल फोनवर नाव आणि आईचे नाव विचारून, पैसे घेऊन दहा मिनिटांत "इस्तिखाऱ्याचा निकाल" कळवणारे लोक निघाले आहेत. आईच्या नावाचा या नमाजेशी काडीचाही संबंध नाही. तेथे पैसे देणाऱ्या गरजू माणसांना दोष न देता एवढेच सांगावेसे वाटते की, ज्या गोष्टीसाठी वुजूचे पाणी आणि दहा मिनिटे पुरतात, तिच्यासाठी कर्ज काढू नका.

दूरदेशी

मी कतारमध्ये चौदा वर्षे नोकरी करतो आहे. मुलगी यंदा दहावीत जाईल. परत येऊन गावी राहायचे, की तिला आणि तिच्या आईला पुढे पाठवून मी येथेच थांबायचे, या प्रश्नावर आम्ही दोघे वर्षभर बोलतो आहोत. मागच्या महिन्यात मी इस्तिखारा केला. स्वप्न नाही, मन कोठे वळले नाही, आणि कोणतेही काम आपोआप सोपेही झाले नाही. मी काय चुकलो?

किनारपट्टी (धागाकर्ती)

दूरदेशी, आपण काही चुकला आहात असे मला वाटत नाही, पण आपण लिहिले त्यात एक गोष्ट मला दिसली. आपण दोन पर्यायांपुढे उभे राहून इस्तिखारा केला, कोणत्याही एका दिशेने पाऊल मात्र टाकलेले नाही. काम सोपे होते आहे की अडते आहे हे कळायला आधी ते हाती घ्यावे लागते. पैगंबरांच्या निधनानंतरचा एक प्रसंग इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. कबर कोणत्या पद्धतीने खोदावी यावर लोकांचे एकमत होईना. मदिनेत दोन पद्धतींनी खोदणारे दोन वेगळे लोक होते. तेव्हा सहाबा (पैगंबरांचे सोबती) म्हणाले की, आपण आपल्या रबकडे इस्तिखारा करू आणि दोघांनाही बोलावणे पाठवू, जो आधी येईल त्याला काम देऊ. बगली कबर, म्हणजे 'लहद', खोदणारा आधी आला आणि तशीच कबर झाली. त्यांनी इस्तिखारा केला आणि त्याच दमात माणसेही धाडली. दुआ करून ते दाराकडे पाहत बसले नाहीत.

आपल्या बाबतीत तेच करून पाहावे असे मला सुचवावेसे वाटते. दोघांनी बसून, हिशेब मांडून, जो पर्याय आज अधिक बरा वाटतो तो एक निवडा. समजा परत येण्याचा निवडला, तर दुआत त्याचेच नाव घ्या, आणि दुसऱ्या दिवशी गावाकडच्या शाळेत प्रवेशाची चौकशी करा, नोकरीसाठी दोन ठिकाणी अर्ज टाका. दारे उघडत गेली तर चालत राहा. एकेक दार बंद होत गेले, तर तेही मागितलेलेच आहे. आणि पत्नीनेही स्वतः इस्तिखारा करावा, कारण प्रश्न तिच्याही आयुष्याचा आहे. मासिक पाळीमुळे नमाज पढता येत नसेल, तर केवळ दुआ करता येते, असे फकीहांनी (धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी) लिहून ठेवले आहे.

शाईदौत

धागाकर्तीच्या सूचनेला एक पुरवणी जोडतो. दुआत 'माझ्या कामाचा शेवट' असे शब्द आहेत, तेथे ही हदीस सांगणाऱ्या एका रावीला (पुढे सांगणाऱ्याला) शंका होती की मूळ शब्द 'माझे नजीकचे आणि माझे दूरचे' असे होते की काय. ती शंकादेखील बुखारीने गाळली नाही, जशीच्या तशी ठेवली. अरबीत नजीकचे आणि दूरचे हे दोन्ही शब्द देवनागरीत 'आजिल' असेच लिहावे लागतात, केवळ पहिल्या अक्षराचा उच्चार निराळा. मुलीच्या दहावीचे वर्ष हे नजीकचे आहे, आणि तिचे बाप जवळ असणे किंवा नसणे हे दूरचे आहे. दुआ करताना दोन्ही शब्द म्हटले तरी चालतात.

वाटसरू

माझ्या प्रश्नाचे इतक्या मनापासून उत्तर दिल्याबद्दल आभारी आहे. आमच्या गावच्या गुरवांना मी एकदा विचारले होते की, कौल डावा पडला तर लोक ऐकतात का? ते म्हणाले होते, "ऐकायचे असते ते ऐकतात, नाहीतर पुन्हा लावायला सांगतात." सुराकाची गोष्ट वाचून त्यांची आठवण झाली. धागाकर्तींच्या बहिणीला सध्या कसे वाटते, हे विचारले तर चालेल का?

किनारपट्टी (धागाकर्ती)

जरूर चालेल. 'ली' या शब्दाचा अर्थ मी तिला समजावला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी माझ्याबद्दल काही विचारलेलेच नव्हते." त्यानंतर तिने अर्धवट सोडलेला बी.एड.चा अर्ज पुन्हा भरायला घेतला, आणि त्या आधी स्वतः इस्तिखारा केला. दुआ तिने कागदावर लिहून घेतली होती आणि सलाम फेरल्यावर (नमाज संपल्यावर) पाहून वाचली, कारण पाठ असली तरी घाईत शब्द निसटतात असे तिला वाटत होते.

दूरदेशी

पत्नीशी बोललो. परत येण्याचा पर्याय धरून चालायचे ठरले आहे. एक लहानशी शंका उरली आहे. माझी पाळी दुपारी संपते आणि घरी पोचेपर्यंत अस्रची (तिसऱ्या प्रहराची) नमाज झालेली असते. तेव्हा ही नमाज पढली तर चालेल का?

शाईदौत

अस्रनंतर सूर्यास्तापर्यंत अशी नफल (ऐच्छिक) नमाज पढू नये. हनफी आणि शाफई दोन्ही मतांनी तो वेळ टाळायचा आहे. तसेच फज्रनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) सूर्य वर येईपर्यंत आणि भर माध्यान्ही टाळावे. इशानंतर (रात्रीच्या नमाजेनंतर), झोपण्यापूर्वी, निवांत पढा. तोवर गावच्या शाळेला फोन मात्र उद्या सकाळीच करा.